मनोऱ्याचा मधला मजला

१

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता मी पाणथळीच्या कार्यालयाचं कुलूप काढलं आणि पाहतो तर मनोऱ्याचा मधला मजला चोरीला गेलेला.

खालचा मजला जागेवर. वरचा मजला छपरासकट जागेवर. मधला तेवढा गायब, आणि वरचा मजला खालच्यावर असा ऐटीत बसलेला, जणू दोघांच्या मध्ये कधी कोणी नव्हतंच.

खरा मनोरा अजून कागदावरच होता हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही क्रेन शोधायला लागाल. चोरी झाली ती माझ्या मॉडेलमध्ये. मी मॉडेलं बनवतो. हे मॉडेल एका फुटाला पाव इंच या मापाचं होतं. खांब सागाचे, जिन्याच्या पायऱ्या बर्फाच्या गोळ्यांच्या काड्या तासून केलेल्या, मजले एकमेकांवर बारीक खुंट्यांनी बसवलेले, म्हणजे समितीसमोर एकेक उचलून आतलं दाखवता यावं. गोंद फक्त पायथ्याला. माझ्या या हुशारीनंच चोराचं काम सोपं केलं, हे मला नंतर तीन जणांनी ऐकवलं.

मनोरा माझ्या बायकोनं रचलेला. पाणथळीतल्या अभयारण्यात लोकांनी वर चढून पक्षी पाहावेत आणि पक्ष्यांना त्याचा पत्ताही लागू नये, असा मनोरा. अकरा वर्षं ती दुसऱ्यांच्या इमारतींचे जिने आणि संडास काढत होती. हे तिचं पहिलं स्वतःचं काम. दुपारी तीनला समिती बसणार होती. आज मंजुरी मिळाली तर पाणी ओसरल्यावर लगेच काम सुरू. नाही मिळाली तर पुढची बैठक ऐन भरल्या पाण्यात, तेव्हा तिथे खांब रोवायचा प्रश्नच नाही. आणि अध्यक्षबाईंनी पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की उशीर झाला तर आम्ही कारखान्यातून तयार लोखंडी मनोरा आणून उभा करू. त्या तयार मनोऱ्याचं चित्र मी पाहिलंय. पाण्याच्या टाकीखालून टाकी काढून घेतली की जे उरतं ते.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही मॉडेल इथे आणून ठेवलं तेव्हा सगळं व्यवस्थित होतं. तळाशी उन्हाळ्यातली कोरडी जमीन, तिच्या चार कोपऱ्यांवर प्रत्येकी पाच ठोकळे, एकेक दोन फुटांचा, आणि त्यांच्यावर निळी पारदर्शक काच, म्हणजे भरलेलं पाणी. शेजारी ते मोठं झाड. झाडाचं बेचकं पाण्याखाली जात होतं, म्हणून माझ्या दोन बोटांएवढ्या होडीचा दोर मला वरच्या एका बारक्या फांदीला बांधावा लागला. त्या एका गाठीपायी मी चिमट्याशी अर्धा तास झटापट केली होती.

बायकोनं जमलेल्या तिघांना मॉडेल समजावून सांगितलं. "पहिल्या आराखड्यात दोनच मजले होते. पण भरल्या पाण्यात खोली दहा फूट असते असं कळलं, म्हणून हा मधला घातला आणि सगळं सहा फूट वर नेलं." तिघांनी माना डोलावल्या. नावाडीकाकांनी मला हळूच विचारलं, "हे निळं पाणी किती दाखवलंय?" मी म्हटलं, "दहा फूट. तुम्हीच दिलेलं माप!" ते वाकून होडीच्या गाठीकडे बघत राहिले.

तर सकाळी मी त्या बुटक्या मनोऱ्यासमोर उभा होतो. पायऱ्या मोजल्या, काच पाहिली, होडी पाहिली. होडी बिचारी बेचक्याला दोर बांधून शांत तरंगत होती. बाकी कशालाही धक्का नव्हता.

मागून बायको आली. तिनं मॉडेल पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्चीत बसली. "अरे, दुसरा करायला किती वेळ लागेल?"

"दोन दिवस."

"आपल्याकडे सहा तास आहेत," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि मला त्या चोराचा असा राग आला की काय सांगू.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "कोणी कशाला हात लावू नका."

सासूबाई आल्या होत्या.

२

आमच्या सासूबाई पस्तीस वर्षं जमिनी मोजत होत्या. दोन भावांच्या बांधाच्या भांडणात उभं राहून दोघांनाही गप्प करणारी बाई. निवृत्त झाल्या तरी पर्समध्ये टेप असतेच. आमच्या लग्नात त्यांनी मांडव मोजला होता आणि तो नऊ इंच तिरका निघाला होता. मनोऱ्याच्या जागेची पातळीही गेल्या उन्हाळ्यात त्यांनीच काढून दिली होती, लेकीचं काम म्हणून, हौसेनं.

"जावईबापू, किल्ली कुठे असते?"

"बाहेर कुंडीखाली, आई. सगळ्यांना माहीत आहे."

"म्हणजे कुलूप फक्त वाऱ्यासाठी आहे. काल मॉडेल कोणी कोणी पाहिलं?"

तिघांनी पाहिलं होतं. मनोऱ्याच्या मजबुतीचा हिशेब करणारा इंजिनिअर, पक्षी मोजणारे मास्तर, आणि नावाडीकाका. पैकी इंजिनिअर बायकोचा कॉलेजातला मित्र. स्वतः काडीपहिलवान, पण जगातल्या प्रत्येक वस्तूचं वजन काय हा एकच प्रश्न त्याला पडतो, म्हणून आम्ही त्याला वजनकाटा म्हणतो. तो साडेनऊला आला, मॉडेल पाहिलं आणि चक्क हसला.

"वा! हलका झाला."

"मजला चोरीला गेलाय," मी दात ओठ खात म्हणालो.

"हो का? वाईट झालं." त्यानं चेहरा वाईट करायचा प्रयत्न केला. "पण आठवड्याभरापूर्वी मी हिला म्हटलंच होतं की एक मजला कमी कर, मला झोप तरी लागेल. खाली काय आहे माहितीय ना? सहा फूट नुसता गाळ. आम्ही भोक पाडून पाहिलंय. त्याच्या खाली कुठे घट्ट जमीन लागते."

सासूबाईंनी मान वर केली. "किती फूट म्हणालास?"

"सहा."

"आणि तुला एक मजला काढायला सांगितला, तर कोणता काढशील?"

"वरचा," तो पटकन म्हणाला. "छप्पर तिथे आहे, गर्दी तिथे होणार. मधला काढून वजनात कितीसा फरक पडतोय?" मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याला चोर समजून विचारताहेत. "काकू! मी कशाला चोरू? मला हा मनोरा मंजूर व्हायला हवाय. माझंही नाव आहे त्याच्यावर."

"काल संध्याकाळी कुठे होतास?"

"घरी. आईला विचारा."

"विचारीन," सासूबाई म्हणाल्या, आणि खरंच विचारायचं असल्यासारखं त्यांनी वहीत लिहून घेतलं. वजनकाट्याच्या तोंडचं पाणी पळालं.

३

पक्षीमास्तर दहाला आले तेच भांडायच्या तयारीनं. गेली तीस वर्षं ते या पाणथळीतले पक्षी मोजताहेत. मोजणं त्यांच्या हाडीमांसी इतकं भिनलंय की चहात बुडवलेली बिस्किटंही ते मोजतात. त्यांच्या हातात तीन पानी भाषण होतं, समितीसमोर वाचायचं.

"मी तुमच्या मनोऱ्याच्या विरोधात बोलणार आहे, हे मी काल तोंडावर सांगितलंय," ते बायकोला म्हणाले. "तुमच्या माणसांची डोकी झाडाच्या शेंड्याच्या वर चार फूट जाणार. आकाशावर डोकी दिसली की बगळे खाली उतरत नाहीत. संध्याकाळी घरी परतणारे हजार-बाराशे बगळे, कुठे जातील ते?"

"मास्तर, मलाही तो उंच नकोच होता," बायको म्हणाली. "पण पाणीच दहा फूट चढतं, त्याला मी काय करू?"

सासूबाईंनी मध्येच विचारलं, "तुम्ही काल शेवटचं मॉडेल कधी पाहिलंत?"

"संध्याकाळी पाच वाजता. विरोध करायचा तर अभ्यास हवा, म्हणून पायऱ्या मोजल्या. चोपन्न." त्यांनी मॉडेलकडे पाहिलं, ओठ हलले, आणि चेहरा पडला. "बेचाळीस? हे काय? बारा पायऱ्या कुठे गेल्या?"

"त्याच शोधतोय आम्ही," मी म्हणालो.

मास्तर मनोऱ्याभोवती फिरले, वाकून पाहिलं, एक डोळा मिटून झाडाच्या शेंड्याशी नजर लावली. "आता तर हा झाडाच्या खालीच राहतोय!" त्यांनी हातातली तीन पानं हताशपणे पाहिली. "माझं भाषण उंचीवर आहे. अख्खं! रात्रभर बसून लिहिलंय!"

मला हसू आवरेना. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "तुम्ही गेलात तेव्हा इथे कोण होतं?"

"कोणी नव्हतं. हां, नावाडी दाराशी चपला काढत होता."

नावाडीकाकांना बोलवायची गरज पडली नाही. ते सगळ्यांसाठी चहाची किटली घेऊनच येत होते. सत्तरीचा माणूस, हात वल्ह्याच्या मुठीसारखे गुळगुळीत झालेले. अभयारण्यात येणारा प्रत्येक माणूस त्यांच्याच होडीतून फिरतो.

"काका, काल संध्याकाळी तुम्ही इथे आला होतात?" सासूबाईंनी विचारलं.

"आलो होतो. बघायला. झकास केलंय जावईबापूंनी." ते कपात चहा ओतत राहिले. कप भरला तरी ओतत राहिले.

"तेव्हा मजला होता?"

"मजला... बाई, मला एक सांगा. एखादा मजला कमी असला तर असं काय बिघडतं? छान दिसतोय की."

"काका, चहा!" मी ओरडलो. बशी भरून चहा टेबलावर आला होता, आणि दीड इंच आणखी पुढे गेला असता तर माझ्या कोरड्या जमिनीवर पोचला असता. मी मॉडेल झटकन उचललं. सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"थांबा. तसंच धरून ठेवा." त्यांनी पर्समधून पट्टी काढली, मॉडेलच्या कडेला लावली, चारही कोपऱ्यांना लावली. मग चष्मा कपाळावर चढवून माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू, मजल्याचं सोडा," त्या म्हणाल्या. "तुमचं पाणीसुद्धा चोरीला गेलंय."

४

मी कोपऱ्यातले ठोकळे मोजले. पाचाच्या जागी दोन. चारही कोपऱ्यांतून तीन-तीन काढलेले. काच तशीच निळी, तशीच चकचकीत, पण जमिनीपासून अडीच इंचांवर असायची ती एका इंचावर आली होती. आणि मी, मॉडेल बनवणारा, सकाळी तिच्याकडे पाहून म्हणालो होतो की कशाला धक्का नाही! मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

सासूबाईंनी सगळ्यांना चहा पिऊन घ्यायला सांगितलं आणि काकांना होडी तयार करायला पाठवलं. मग दार लोटून त्या आमच्याकडे वळल्या.

"मजला सहा फुटांचा. काढलेलं पाणी किती?"

"तीन ठोकळे. सहा फूट," मी म्हणालो.

"म्हणजे चोरानं मजला आणि पाणी दोन्ही सारखंच खाली आणलं. आता विचार करा. हा इंजिनिअर चोर असता तर त्यानं वरचा मजला नेला असता, आणि पाण्याच्या वाटेला गेलाच नसता. त्याला कागदावरचा आकडा म्हणजे देवाज्ञा."

वजनकाट्यानं कृतज्ञपणे मान हलवली.

"मास्तर? मनोरा उंच आहे हे त्यांना तीन वाजता समितीला दाखवायचं होतं. तो बुटका करून त्यांनी स्वतःच्याच भाषणाचं वाटोळं कशाला केलं असतं?"

"अगदी बरोबर," मास्तर कळवळून म्हणाले.

"आणि आणखी एक गोष्ट. जावईबापू, काल होडीचा दोर कुठे बांधला होतात?"

मी मॉडेलकडे पाहिलं आणि माझे कान गरम झाले. "वरच्या बारक्या फांदीला. बेचकं पाण्यात होतं ना."

"आता तो बेचक्याला आहे. ज्यानं पाणी उतरवलं त्याला होडी चुकीच्या जागी बांधलेली बघवली नाही. मजला पळवायच्या घाईत कोण एवढं करतं?"

बायको उठून उभी राहिली. "आई, काका असं करणार नाहीत. माझं काम बिघडावं असं त्यांना कधीच वाटणार नाही. ते मला पोरी म्हणतात."

"मी कुठे म्हटलं त्यांना बिघडवायचं होतं?" सासूबाई म्हणाल्या. "चल, होडीत बस. जावईबापू, तुम्हीही."

"मला पोहता येत नाही, आई."

"म्हणूनच चला. तुम्ही बुडालात की खोली कळेल."

५

होडी लव्हाळ्यांमधून मनोऱ्याच्या जागेकडे निघाली. दोन्हीकडे बदकं, एक बगळा एका पायावर उभा राहून आमच्याकडे दुर्लक्ष करत होता. मी दोन्ही हातांनी फळी घट्ट धरली होती. काका उभे राहून लांब बांबूनं होडी रेटत होते.

मोठ्या झाडापाशी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "काका, जरा खोली मोजून दाखवता? तुम्ही लेकीला मोजून दिली होतीत तशी."

काकांनी बायकोकडे पाहिलं, मग बांबू उभा धरला आणि खाली सोडला. तो पाण्यात गेला, आणखी गेला, मग काकांनी अंगाचा भार टाकला तसा तो सावकाश आत उतरत राहिला, आणि एकदम अडला.

"ठाव लागला," ते म्हणाले. पाण्याच्या पृष्ठभागाशी त्यांनी बांबू चिमटीत धरला आणि बाहेर ओढून आडवा केला. "आठ फूट. आज पाणी कमी आहे."

सासूबाईंनी रुमाल काढला आणि चिमटीपासून बांबू पुसायला सुरुवात केली. दोन फूट स्वच्छ ओला बांबू. त्याच्या पुढे काळाकुट्ट गाळ, थेट टोकापर्यंत. त्यांनी टेप लावली.

"पाणी दोन फूट. गाळ सहा फूट."

बायकोच्या ओठांची हालचाल मला दिसत होती, ती मनातल्या मनात बेरीज करत होती.

"काका, मी तुम्हाला विचारलं होतं, भरल्या पाण्यात खोली किती. तुम्ही दहा म्हणालात."

"दहाच, पोरी. माझा बांबू दहा फूट जातो." काका खाली बसले. "आम्ही ठाव लागेपर्यंतच मोजतो. बांबू अडल्याशिवाय होडी रेटायची कशी? गाळ वर आहे की खाली, आम्हाला काय त्याचं. पन्नास वर्षं असंच मोजलं, माझ्या बापानं असंच मोजलं."

"आणि मी ते दहा फूट जमिनीच्या वर धरले," बायको म्हणाली. "आईनं काढलेल्या जमिनीच्या वर. गाळ दोनदा धरला मी. एकदा जमीन म्हणून, एकदा पाणी म्हणून!"

"काल मॉडेल पाहिलं आणि काळजात धस्स झालं," काका म्हणाले. "भरल्या पाण्यात मी याच बेचक्याला होडी बांधतो, बसल्या जागी हात पोचतो. तुमच्या निळ्या पाण्यात ते बुडालेलं. म्हटलं जावईबापूंची चूक असेल, म्हणून त्यांना विचारलं. तर म्हणाले, तुमचंच माप. मग तिथल्या तिथेच समजलं, माझ्या दहा फुटांतला गाळही पाणी म्हणून धरलाय."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

काकांनी ओले हात गुडघ्यांना पुसले. "तुझ्या नकाशावर खाली कोपऱ्यात छापलंय ना, पाण्याची खोली, आणि पुढे माझं नाव. तू एक प्रत दिली होतीस. ती मी घरी भिंतीला लावलीय. आमच्या घरात आजवर कोणाचं नाव कुठे छापून आलं नव्हतं. नातवंडं शाळेतल्या पोरांना घेऊन येतात बघायला. माझ्यामुळे तुझं काम बिघडलं हे कोणत्या तोंडानं सांगू? तू म्हणालीस की मधला मजला नंतर घातला. म्हटलं मास्तर गेले की तो काढावा, पाणी उतरवावं, सगळं जिथल्या तिथे. एक मजला कमी झालाय हे कोणाच्या लक्षात येणार?"

एवढं ऐकून मला राग यायला हवा होता. पण खरं सांगतो, मला त्या माणसाला मिठी मारावीशी वाटली. होडी हलेल म्हणून नाही मारली.

काकांनी बसायची फळी उचलली. खाली स्वच्छ धुतलेल्या धोतराच्या तुकड्यात माझा मधला मजला होता, बारा पायऱ्यांसकट, एकही खुंटी न मोडलेला. शेजारी पुडीत बारा ठोकळे.

सासूबाई आतापर्यंत बांबूकडेच बघत होत्या. मी त्यांना विजयी मुद्रेत पाहायची तयारी ठेवली होती, पण त्यांचा चेहरा उतरला होता.

"मी पातळी काढली तेव्हा गाळ वाळून दगड झाला होता," त्या लेकीला म्हणाल्या. "तिपाई रोवली आणि कागदावर 'जमीन' असं लिहून मोकळी झाले. पाणी आलं की ती जमीन राहत नाही, हे मी लिहायला हवं होतं. पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या गं मी, आणि तुझ्याच कागदावर ही करून बसले."

मी पंधरा वर्षं त्यांचा जावई आहे. त्यांच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

"पण आता काय करायचं?" मी घड्याळ पाहिलं. "साडेबारा वाजलेत. मजला परत बसवायचा की नाही?"

बायकोनं तो मजला हातात घेतला, उलटसुलट करून पाहिला. दहा फूट पाणी दाखवून उंच मनोरा मांडला तर आकडे जुळत होते, कागद जुळत होते, मंजुरी बहुतेक मिळाली असती. चूक झाली म्हणून सांगितलं तर समितीनं म्हटलं असतं, बाई, आधी घरी जाऊन अभ्यास करून या. आणि मग तो लोखंडी सांगाडा.

"होडी वळवा, काका," ती म्हणाली.

६

तीन वाजता अध्यक्षबाईंसमोर टेबलावर दोन मजल्यांचा मनोरा होता, चार फूट पाण्यात उभा. मधला मजला आणि बारा ठोकळे त्याच्या शेजारी वेगळे मांडलेले. आम्ही सगळे भिंतीला लागून खुर्च्यांवर बसलो होतो. काका दाराशी उभे राहणार होते, पण सासूबाईंनी त्यांना हाताला धरून शेजारी बसवलं.

बायको उभी राहिली. "तुमच्याकडे आलेल्या नकाशात चूक आहे," तिनं पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. मग चिखलानं भरलेला तो बांबू टेबलावर ठेवला, थेट अध्यक्षबाईंच्या फायलीवर, आणि पाणी कुठे संपतं, गाळ कुठे सुरू होतो ते बोटानं दाखवलं. मनोरा सहा फूट खाली आला, म्हणजे माणसांची डोकी झाडाच्या आड राहणार आणि बगळे आपल्या वाटेनं उतरणार. खांब घट्ट जमिनीपर्यंतच जाणार होते, त्यात बदल नाही. वजन कमी. एवढं सांगून ती थांबली.

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. "नकाशा आम्हाला तीन आठवड्यांपूर्वी मिळाला. त्यावर चार जणांची नावं आहेत. तीन आठवड्यांत कोणाला दिसलं नाही? मला मंजुरीच्या कागदावर कारण लिहावं लागेल. ही चूक नेमकी कोणाची?"

"माझी," बायकोनं हात वर केला.

"माझी," सासूबाई त्याच क्षणी म्हणाल्या. "जमीन मी लिहिली."

"बांबू माझा," काका उठून उभे राहिले.

वजनकाट्यानं घसा साफ केला. "गाळ सहा फूट आहे हे माझ्या कागदात महिन्यापासून आहे. पाणी कसं मोजलं हे मी विचारलं नाही." त्यानंही हात वर केला.

मग माझाही हात वर गेला. झाडाचं बेचकं पाण्याखाली जातंय हे मला माझ्या हातांनी कळलं होतं, आणि मी काय केलं, तर दोर दुसऱ्या फांदीला बांधला. हे मी समितीला सांगितलं. त्यांना काही कळलं नसावं.

शेवटी मास्तर उभे राहिले. त्यांनी तीन पानांची घडी करून खिशात घातली होती. "बाई, मी तीस वर्षं भरल्या पाण्यात उतरून पक्षी मोजतोय. पाणी माझ्या छातीच्या वर कधी आलं नाही. आणि मला हे दहा फूट म्हणाले तेव्हा मी फक्त उंचीवर भांडलो, पाण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. तर, एक हात माझाही धरा."

अध्यक्षबाईंनी पेन खाली ठेवलं. "चूक कोणाची असं मी विचारलंय. सहलीला कोण कोण येणार असं नाही." शेजारचे दोघे हसले. त्याही हसल्या असाव्यात, पण तोवर त्यांनी मान खाली घालून कागदावर लिहायला सुरुवात केली होती. बराच वेळ लिहीत होत्या. मग खाली सही केली, शिक्का मारला आणि कागद टेबलावरून पुढे सरकवला. "सुधारलेल्या उंचीला मंजुरी. पाणी ओसरलं की काम सुरू करा. आणि हा बांबू माझ्या फायलीवरून कोणीतरी उचला."

काकांनी बांबू उचलला. सासूबाई पर्समध्ये रुमाल शोधत होत्या आणि तो गाळानं भरलाय हे आठवून त्यांनी माझा मागितला. मास्तर आणि वजनकाटा एकाच वेळी बोलत होते. बायको मात्र तशीच समोर बघत उभी होती आणि तिचा हात अजून वरच होता.

मी जाऊन तो हळूच खाली घेतला. "अगं," मी म्हणालो, "मंजूर झालाय."